दाराशी ठेवलेला पंजा

मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा माझ्या खोलीच्या दाराशी असलेल्या लोखंडी वस्तूला अडखळून धाकटा पडला आणि हे काय आहे, म्हणून त्याने विचारलं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ठेवलेलं वजन आहे, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं. थोरलीने मात्र ती वस्तू उचलून सगळ्या बाजूंनी पाहिली, "आजी, याला बोटं आहेत," म्हणाली आणि होती तशी परत ठेवली. हे मुख्यतः तिच्यासाठी लिहिते आहे.

मला क्रमाने लिहायची सवय आहे. शाळेत शिकवतानासुद्धा मी फळा डावीकडून उजवीकडे भरत असे, मध्येच कुठे काही लिहीत नसे. पण ज्यांची ही वस्तू, ते काका मला क्रमाने आठवत नाहीत. ते आठवतात ते एकदम, डोक्यावर पोतं घेतलेले.

ते वडिलांचे मावसभाऊ. आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णा तेव्हा जव्हार संस्थानात अधिकारी होते आणि काका आमच्याच घरात बाहेरच्या खोलीत राहत. मुंबईच्या एका मोटार-गॅरेजात ते काही वर्षं होते. अण्णांनी त्यांना बोलावून घेतलं आणि अधिकाऱ्यांसाठी जी एक जुनी अमेरिकन मोटार होती ती त्यांच्या हवाली केली. चालवायचे तेच, दुरुस्त करायचे तेच. अशा माणसाला त्या काळी गावात मान होता. पण काका बाजारातून तांदळाचं पोतं आणायचे ते स्वतःच्या डोक्यावर. अंगात काळा कोट, मिशांना तेल, आणि वर पोतं. वाटेत कुणी "आणा इकडे, मी घेतो" म्हटलं तर "तुझ्या डोक्याला काही काम नाही का?" असं विचारायचे.

अण्णांना ते सहन होत नसे. "लोक बघतात. तुला लाज कशी वाटत नाही?"

"वाटते की, दादा. पण माझी लाज वेगळ्या ठिकाणी आहे."

हे उत्तर ते नेहमी देत आणि वर हसत. आम्ही मुलंही हसत असू. ती वेगळी जागा कोणती, हे आम्ही कधी विचारलं नाही.

काका साधेभोळे होते असं समजू नका. ते बढाईखोर होते. आपल्याइतकं इंजिन मुंबईपासून नाशिकपर्यंत कुणाला कळत नाही, असं ते जेवताना सांगत आणि सांगण्याच्या भरात शेजाऱ्याच्या पानातली चटणी खात. दुपारी मोटारीखाली चटई टाकून झोपत, आणि घोरणं इतकं मोठं की आई म्हणे, "इंजिन चालू राहिलंय का बघा." माझं इंग्रजी ते सुधारत, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं सुधारत. समोरून बैलगाडी आली की इंजिन बंद करून बाजूला थांबत, कारण बैल बिचकतात. त्यामुळे मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी आमची मोटार चालण्यापेक्षा उभीच जास्त असे. मागे बसलेले अधिकारी चडफडत. काका मागे वळून म्हणत, "त्यांना शिकवलेलं नाही, आपल्याला शिकवलंय."

आता चढाबद्दल सांगते, कारण सगळं त्या चढावर आहे.

खोडाळ्याकडून येताना मोखाड्याच्या अलीकडे ओढा उतरून वर यावं लागे. तो चढ फार उभा. मोटार निम्म्यावर येऊन धापा टाकी, मग थांबे. म्हणून मोटार येणार असली की आदल्या दिवशी पाटलाचा माणूस आसपासच्या पाड्यांवर हाळी देत फिरे. सकाळपासून माणसं चढाच्या पायथ्याशी येऊन बसत. मोटार थांबली की पुढे दोर बांधून तिला वर ओढत. याला वेठ म्हणत. वेठ म्हणजे बोलावलं की यायचं, आणि त्याची मजुरी मागायची नाही. लोक त्या जागेला दोराचा चढ म्हणू लागले होते.

ओढणाऱ्यांत सोमा नावाचा एक म्हातारा पुढे असे. दोर त्याच्याच घरी राही. तो सगळ्यांना अरे-तुरे करी. त्यांच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. अण्णांना ते खटके, काकांना मात्र फार आवडे.

"भाऊ, तुजी मोटार रोज काय खाते?"

"पेट्रोल."

"मंग आमी खातो त्यापक्षी जास्त खाते. आनी आमालाच वढावा लागते."

सगळे हसत. काकाही हसत. पण दोर ताणला गेला आणि माणसं पुढे वाकली, की चाक धरून बसलेले काका समोर बघत नसत. ते आपल्या पायांकडे बघत. मी शेजारी बसलेली असे तेव्हा मला त्यांचा कान दिसे. तो लालभडक झालेला असे.

एकदा त्यांनी मोटार उलटी फिरवून मागे-मागे चढवून पाहिली. मागच्या गिअरला जोर जास्त, असं त्यांचं म्हणणं होतं. मोटार खरंच बरीच वर गेली. पण मागे बसलेले अण्णा आणि एक पाहुणे अधिकारी पाठ करून वर चालले होते, आणि खाली बसलेली माणसं तोंडात फडकं कोंबून हसत होती. अण्णांनी घरी आल्यावर ताकीद दिली, की पुन्हा हे केलंस तर मोटारीला हात लावू देणार नाही.

तेव्हापासून काका निराळ्या मार्गाला लागले. त्यांचं निदान असं होतं, की दोष इंजिनाचा नव्हे, पंज्याचा. कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल एकत्र होतात, आणि तिथून एका ओतीव नळातून इंजिनाच्या चारी नळकांड्यांकडे, म्हणजे सिलिंडरांकडे, जातात. एका मनगटातून बोटं फुटावीत तसा तो नळ फुटलेला असतो, म्हणून काका त्याला पंजा म्हणत. आमच्या मोटारीचा पंजा अरुंद आणि आतून खडबडीत. जवळच्या दोन नळकांड्यांना पोटभर मिळे, लांबच्या दोघांपर्यंत जाईतो पेट्रोलची वाफ गार होऊन तिचे थेंब होत.

"पंगतीत वाढपी दोघांना लाडू वाढतो आणि दोघांना नुसतं पान दाखवतो," काका आईला समजावत. "मग चौघांनी मिळून पालखी उचला म्हटलं तर कशी उचलतील, वहिनी?"

मुंबईच्या त्यांच्या जुन्या गॅरेजात परदेशातून आलेले निराळे पंजे मिळत. मोटार बनवणाऱ्यांनी केलेले नव्हेत, दुसऱ्याच कुणी सुधारून केलेले. आतून गुळगुळीत, रुंद, आणि धुराच्या गरम नळाला खेटून बसणारे, म्हणजे वाफ गार होत नाही. काकांनी पदरचे पैसे पाठवून तसा एक मागवला. तो गवतात गुंडाळून आला. काकांनी तो पाटावर ठेवून आम्हाला दाखवला. आईने त्याला हळदकुंकू लावायला बोट पुढे केलं, तर ते घाईने म्हणाले, "आत जाईल ते."

तो बसेना. भोकं बोल्टांशी जुळत नव्हती. काका ओसरीवर कानस घेऊन बसले आणि घासत राहिले. जेवायला उठत, पुन्हा बसत. लोखंडाची पूड त्यांच्या मिशांत, आमच्या वरणात. अण्णा येता-जाता म्हणत, "विकत आणलेली वस्तू घासून घासून संपवणार हा." भोकं जुळली, तर पंजा आणि इंजिन यांच्या सांध्यात घालायला पॅकिंग नव्हतं. आधी पुठ्ठा घातला, तो जळला. चामडं घातलं, ते आकसलं. मग एके दुपारी आईचं भोक पडलेलं तांब्याचं घंगाळ दिसेनासं झालं. आईने ते कल्हईवाला आला की डाक लावून घेऊ, म्हणून माळ्यावर ठेवलं होतं.

"माझं घंगाळ कुठे आहे?"

"इंजिनात," काका म्हणाले.

त्यांनी त्याचा तळ कापून, निखाऱ्यावर लाल करून मऊ केला होता आणि त्यातून पॅकिंग काढलं होतं. आई त्यांच्याशी बोलेनाशी झाली, पण ते सुरू करून बघायच्या दिवशी ओसरीच्या खांबाआडून बघत होती.

हँडल मारलं. इंजिन लागलं, पण कुठूनतरी बारीक शीळ ऐकू येत होती. सांध्यातून हवा आत शिरत होती. कुठून ते शोधायला काकांनी देवघरातली उदबत्ती पेटवून आणली आणि सांध्याच्या कडेकडेने फिरवू लागले. पेट्रोलशेजारी विस्तव. बघायला जमलेले लोक ओट्यावरून रस्त्यात आणि रस्त्यातून पलीकडच्या आवारात गेले. शेवटच्या बोटापाशी उदबत्तीचा धूर वाकला आणि आत ओढला गेला. "सापडला," काका म्हणाले. तिथला बोल्ट आवळला. शीळ थांबली. इंजिनाचा आवाज असा झाला, की आईसुद्धा बोलली. "आता घोरत नाही ते," ती म्हणाली.

पहिल्यांदा चढ चढलो तेव्हा मोटारीत अण्णा, काका आणि मी होतो. पाटलाच्या हाळीप्रमाणे माणसं येऊन बसलीच होती. मोटार आली, त्यांच्या समोरून गेली आणि वर चढू लागली. माणसं उठली आणि दोर घेऊन मागून धावू लागली. वरच्या आंब्यापाशी काका थांबले. बऱ्याच वेळाने सोमा धापा टाकत पोचला.

"दोर कुठं बांदू?"

"कुठेच नाही."

"मंग आमी काय करावाचा?"

"घरी जा, सोमा. आता कधी यायला नको."

सोमाने मोटारीभोवती एक फेरी मारली. बोनेटवर हात ठेवला, गरम लागला म्हणून काढून घेतला. मग तो दोर उशाला घेऊन आंब्याखाली आडवा झाला, आणि बाकीचेही बसले. बोलावलेल्या माणसाला इतक्या सकाळी कुणी घरी पाठवत नसे. पाटलाच्या माणसाने सांगितल्याशिवाय ते जाणार नव्हते. काका त्या दिवशी घरी येईपर्यंत गात होते. आवाज वाईट होता. पण तेवढ्या आनंदात मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच. मोहाची फुलं पडायचा हंगाम तोंडावर आला होता. मोहाची फुलं पहाटे पडतात. ती सकाळीच वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात. पाड्यांवरच्या लोकांचं वर्षाचं पुष्कळसं त्यांवर असे. "या वर्षी मोहाच्या वेळी कुणाला हाळी नाही," काका ज्याला त्याला सांगत होते.

मोह सुरू झाला आणि त्याच दिवसांत ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, नाशिककडचं स्थळ सांगून आलं. घराणं मोठं होतं. मुलाचे चुलते पाहायला येणार होते. मध्यस्थाने अण्णांना सांगितलं, की ते गृहस्थ मानापानाला फार जपतात, आणि जव्हारात अधिकाऱ्यांची मोटार माणसं दोराने ओढून वर नेतात हे त्यांनी ऐकलंय. ते त्यांना बघायचंय.

रात्री जेवणं झाल्यावर अण्णा काकांना म्हणाले, "चढाशी इंजिन बंद करायचं."

काका सुपारी कातरत होते. ती तशीच हातात राहिली. "गाडी चढते, दादा."

"मला माहीत आहे चढते."

"मोह पडतोय."

"एक सकाळ. एकदाच. मुलीचं लग्न आहे, तुझ्या पंज्याचं प्रदर्शन नाही."

"मी त्यांना यायला नको म्हणून सांगितलंय."

"तू कोण सांगणारा?" अण्णा म्हणाले, आणि मग आवाज उतरवून, "अरे, ताईकडे बघ."

ताई दारात उभी होती. काकांनी तिला लहानपणी खांद्यावर घेऊन मोखाड्याचा बाजार दाखवला होता. त्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग "बरं," म्हणाले.

पाहुण्यांना आणायला मलाही पुढच्या सीटवर बसवून नेलं होतं. ओढा ओलांडून पायथ्याशी आलो. काकांनी इंजिन बंद केलं. मागून अण्णा पाहुण्यांना म्हणाले, "इथे तिचा नाइलाज होतो. आमची माणसं आहेत, काळजी नको."

माणसं उठून आली. या वेळी पाटलाने दुप्पट पाड्यांवर हाळी दिली होती. सोमा दोर घेऊन काकांच्या बाजूला आला, आणि त्याने आत वाकून विचारलं, "मोटार बिघडली का काय, भाऊ?"

काका पायांकडे बघत होते. "हो," ते म्हणाले.

सोमाने बोनेटवर थोपटलं, म्हशीला थोपटतात तसं. "व्हईल बरी. लोखंड झाला म्हनून काय झाला, तेही दमते."

त्यांनी आम्हाला वर ओढलं. पाहुणे मागे वळून वळून बघत होते. "वा," ते म्हणाले. "रथासारखं वाटतं हो." माझ्या डाव्या हाताला काकांचा कान होता. पुढचं सगळं मी त्या कानाकडे बघत काढलं, त्यामुळे ओढणाऱ्यांपैकी कुणाचा चेहरा मला आठवत नाही, फक्त पाठी आठवतात.

लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नवा पंजा काढला आणि जुना बसवला. अण्णा अंगणात आले.

"हे काय?"

"सोमाला बिघडली म्हणून सांगितलं होतं. आता बिघडली."

अण्णांना हसू आलं. हा वेडेपणा त्यांच्या सोयीचा होता. मीही तेव्हा काकांना मोठं मानलं. आपलं खोटं खरं करून दाखवणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. हरिश्चंद्राची गोष्ट नुकतीच वाचली होती, आणि काका मला त्याच माळेतले वाटले.

मग मोखाड्याचा बाजार आला. काका मला घेऊन गेले होते. सोमाची बायको मोहाची फुलं घेऊन बसली होती. टोपली तळाशी भरलेली होती, एवढंच. सोमा शेजारी विडी ओढत होता.

काका समोर उकिडवे बसले. "सोमा, त्या दिवशी मोटार बिघडलेली नव्हती."

"ठावं हाय."

"ठाऊक आहे?"

"बिघडलेली मोटार खोकते. तुजी एकदम गप झाली."

"मग 'होईल बरी' का म्हणालास?"

सोमाने माझ्याकडे हनुवटीने खूण केली. "पोर बाजूला बसलेली. तू लाजलास."

काकांनी टोपलीतलं एक फूल उचलून परत ठेवलं. मग त्यांनी सांगितलं, की मी तो नवा पंजा काढून टाकलाय, जुना लावलाय, आता मोटार खरीच चढत नाही. हे त्यांनी मान वर करून सांगितलं. त्यांना वाटत होतं की काहीतरी फेडलं.

सोमाने विडी तोंडातून काढली. "म्हंजे आता आमी पुन्हा वढावाचा?"



सोमा बायकोकडे वळून म्हणाला, "हे लोक भारी हायत बाय. चांगली व्हती तवा वढवली. आता वाईट केली, तवाही वढावाची." ती तोंडाला पदर लावून हसली. मग सोमा काकांना अगदी साधेपणाने म्हणाला, "मंग लाव ना परत."

परत येताना काकांनी पोतं घेतलं नव्हतं. हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी खाटेखालून पंजा काढला, पाना घेतला आणि मोटारीकडे निघाले. अण्णा झोपाळ्यावर होते. "ताईचं लग्न होईपर्यंत राहू दे," ते म्हणाले. "वऱ्हाड त्याच वाटेने येणार आहे."

काका थांबले. पंजा पुन्हा खाटेखाली गेला. वऱ्हाड दोरावर वर आलं. लग्नानंतर कुणी मोठे साहेब येणार होते. मग माझ्या भावाची मुंज निघाली. दर वेळी काका पाना घेऊन उठत, आणि दर वेळी आमच्या घरात काहीतरी असे. पुढे पुढे ते उठेनासे झाले. पोतं ते अजूनही डोक्यावरच आणत, पण अण्णांनी "लाज वाटत नाही का" म्हटलं तर आता नुसतं "वाटते," म्हणत.

पावसाळ्यात मोटार बंद असताना ते मुंबईला निघून गेले. पंजा मागे ठेवून गेले. नवा ड्रायव्हर आला. पंजा आमच्याच घरात आहे, मोटार दारात आहे, आणि दोन्ही एकमेकांना लावले की चढावर माणूस लागत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आईला, अण्णांना, मला. आई त्याचं वजन वाळवणाच्या फडक्यावर ठेवायची. नव्या ड्रायव्हरला कुणी काही बोललं नाही. ती मोटार मोडीत निघेपर्यंत दोर सोमाच्या घरी राहिला, आणि सोमानंतर त्याच्या मुलाकडे गेला.

अण्णा वाईट नव्हते. तुमच्या आईला त्यांची आठवण प्रेमाने येते, आणि ती योग्य आहे. त्यांनी मला शिकवलं म्हणून मी हे लिहू शकते. पण मी त्यांच्याबद्दल तुम्हाला जे जे सांगत आले, त्यात हे नव्हतं.

थोरले, पुढच्या वेळी आलीस की ती वस्तू उलटी करून बघ. एका बाजूला तांब्याचं पातळ पॅकिंग अजून चिकटलेलं आहे. ते माझ्या आईच्या घंगाळाचं. शेवटच्या बोटापाशी कानशीचे ओरखडे दिसतील, ते काकांचे. ते बोट कुठे बसायचं, तेही मी तुला दाखवीन.

आणि दाराचं सांगायचं राहिलं. ते दार वाऱ्याने आपटत नाही. त्याला भिंतीशी अडकवायला मागे कडी आहे.